बोट लागते म्हणजे नेमके काय होते?

मराठीत गाडी ‘लागते’ आणि बोटही ‘लागते’. ऊन लागते, दृष्ट लागते, पछाडणारे भूतही लागते. एखादी गोष्ट बाहेरून येऊन माणसाला धरते, त्यात त्याचा काही दोष नसतो, असा या क्रियापदाचा भाव आहे. बोट लागणे या प्रकाराबद्दल वाचू लागल्यावर मला प्रथम जाणवले ते हे, की विज्ञानाला जे सांगायला बराच काळ लागला त्याच्या जवळपास भाषा आधीच पोचलेली होती. समाज मात्र पोचला नव्हता. ज्याला बोट लागते तो कच्च्या छातीचा, अशी समजूत आमच्या सातारा-सांगलीकडे अजून आहे. सैन्यात मुलगा पाठवताना जी घरे मागेपुढे पाहत नाहीत, तीच घरे नौदलाचे किंवा व्यापारी जहाजाचे नाव निघाले की म्हणतात, “पाणी आपलं काम नव्हे. याला तर महाबळेश्वरच्या घाटात गाडी लागते.”

आमची पाण्याची ओळख आहे ती कृष्णेची. ही नदी महाबळेश्वरला उगम पावते, तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ६०-६५ किलोमीटरवर. पण ती त्याच्याकडे पाठ फिरवून सुमारे १,४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. सांगलीत होड्यांच्या शर्यती होतात, पुरात बोटी फिरतात, तरी ‘होडी लागली’ असे कुणी म्हणत नाही. नदीत होडी हलते ती थोडी आणि भरभर. काठावरची झाडे, घाट, देवळाचा कळस सतत डोळ्यांपुढे असतात. या दोन गोष्टी, हलण्याचा वेग आणि डोळ्यांपुढची स्थिर खूण, ध्यानात ठेवाव्यात. पुढचे सारे स्पष्टीकरण त्यांच्याभोवती आहे.

आपल्या कानाच्या आत, हाडात खोल, तोल सांभाळणारे एक यंत्र असते. त्यात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की द्रव मागे रेंगाळतो आणि मेंदूला वळल्याची खबर जाते. शेजारी दोन लहान पिशव्या असतात. त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण एका चिकट थरावर बसलेले असतात. आपण वर-खाली, पुढे-मागे झालो की हे कण सरकतात. जमिनीवर या यंत्राची खबर आणि डोळ्यांची खबर जुळते. नौकेच्या खोलीत बसल्यावर कान सांगतो की आपण दीड मीटर वर गेलो, आता खाली चाललो. डोळा सांगतो की समोरचे टेबल, भिंत, पुस्तक सगळे जागच्या जागी आहे. मेंदूला दोन साक्षीदारांचा मेळ लागत नाही. त्याहून नेमके सांगायचे तर, आजवरच्या अनुभवावरून त्याने बांधलेल्या अंदाजाशी आत्ताची खबर जुळत नाही. या गोंधळातून जांभया, तोंडाला पाणी सुटणे, गार घाम, फिकट चेहरा आणि शेवटी उलटी अशी रांग लागते.

आता हे पोटात का उतरावे? १९७७ मध्ये ट्रीझमन यांनी एक तर्क मांडला. डोळे आणि कान यांचा मेळ बिघडणे हे निसर्गात बहुधा विषबाधेचे लक्षण असते, म्हणून मेंदू खाल्लेले बाहेर टाकायला सांगतो. तर्क सुंदर आहे. पण तो तर्कच आहे, हे विसरून अनेक लोकप्रिय पुस्तकांत तो सिद्धान्त म्हणून छापला जातो.

कानाचा दोष मात्र पक्का सिद्ध झालेला आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८२ मध्ये मूकबधिरांची पाहणी करून दाखवले, की त्यांच्यातील अनेकांना गरगर फिरवले तरी चक्कर येत नाही. पुढे १९६०च्या दशकात अमेरिकन संशोधकांनी आंतरकर्णाचे तोलयंत्र निकामी झालेल्या माणसांना उत्तर अटलांटिकच्या वादळी समुद्रात नेले. बरोबरची धडधाकट माणसे आडवी झाली, यांना काही झाले नाही. उलट, अंध माणसाला बोट लागू शकते. म्हणजे ज्याला कधीच लागत नाही तो शूर असतो असे नव्हे, फार तर त्याचे कान निराळे असतात. इंग्लंडचा आरमारप्रमुख नेल्सन याला आयुष्यभर बोट लागत असे. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ अशी पाच वर्षे ‘बीगल’वर होता आणि समुद्र खवळला की आडवा होत होता. दोघांच्या कामात त्यामुळे काही उणे राहिले असे कुणी म्हणणार नाही.

हलण्याच्या वेगाचीही गंमत आहे. प्रयोगांत असे दिसले की सुमारे पाच सेकंदांना एक, या गतीचे वरखाली हेलकावे सर्वांत वाईट. घोड्यावर किंवा खडबडीत रस्त्यावरच्या जीपमध्ये धक्के याहून कितीतरी भरभर बसतात. हाडे दुखतात, मळमळत नाही. घाटात एसटी एकेक वळण संथपणे घेते तेव्हा शरीर नेमके त्या मंद, वाईट पट्ट्याकडे सरकते. आणि ३५-४० फुटांची शिडाची नौका मोकळ्या समुद्रात ज्या लाटांवर डोलते, त्यांची गतीही बहुधा याच पट्ट्यात असते. नौकेच्या बांध्याचा यात इलाज नाही. मोठे जहाज यातून पुष्कळसे सुटते. म्हणून मोठ्या जहाजावर वर्षानुवर्षे काढलेला अधिकारीही छोट्या नौकेवर पहिल्या दिवशी नवखाच असतो.

छोटी नौका, दोन-चार माणसे आणि मोकळा समुद्र या विषयाकडे मी वळलो तो एका पत्त्यामुळे. फलटण तालुक्यातील विंचुर्णी. कमी पावसाच्या या मुलखात व्हाइस ॲडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी निवृत्तीनंतर राहत होते. १९७१च्या युद्धात बंगालच्या उपसागरात ‘कामोर्टा’ या युद्धनौकेचे नेतृत्व केल्याबद्दल त्यांना वीरचक्र मिळाले. १९८३ मध्ये ते पश्चिम नौदल कमांडचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले. भारतीय माणसाने भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही ‘सागर परिक्रमे’ची कल्पना त्यांची. २००६ मध्ये नौदल त्यासाठी माणूस शोधू लागले तेव्हा दिलीप दोंदे पुढे आले. मांडवीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटांची ‘म्हादेई’ तयार झाली, फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलात आली. १९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले आणि फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केप टाउन असे चार थांबे घेऊन मे २०१०मध्ये परतले. त्यानंतर याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता एकट्याने फेरी पुरी केली. ‘तारिणी’ ही तिची बहीणनौका. तिच्यावरून २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकारी, आणि २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. अशा दोघीच, २५,००० सागरी मैलांहून अधिक अंतर कापून आल्या. आवटी ३ नोव्हेंबर २०१८ रोजी गेले. समुद्राचे एवढे मोठे काम ज्याच्या डोक्यातून निघाले, त्या माणसाचा पत्ता सातारा जिल्ह्याचा होता, हे आमच्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

दोंद्यांच्या तयारीत मला महत्त्वाची वाटते ती पायरी-पायरीने चढण्याची रीत. नौका बांधली जात असताना ते कारखान्यात राबले. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे इंग्लंडला जाऊन शिकले. हे तेच गृहस्थ, ज्यांनी मुंबईत बांधलेल्या ३२ फुटी ‘सुहेली’तून १९६८-६९ मध्ये पहिली विनाथांबा एकट्याची प्रदक्षिणा केली. मग दोंदे सोबत्यांसह मॉरिशसला गेले आणि तिथून एकटे परत आले. दिलना आणि रूपा यांनीही मोठ्या फेरीआधी, २०२४ मध्ये, गोवा ते मॉरिशस आणि परत असा प्रवास दोघींनीच केला होता. गोव्याहून मॉरिशस सव्वादोन हजार सागरी मैलांच्या घरात. ताशी सहा मैल या चालीने चोवीस तासांत १४४ मैल, म्हणजे वारा साथ देत असेल तर सोळा दिवस. एवढ्या अवधीत शरीर समुद्राला सरावते, पाळ्यांची घडी बसते, आणि काय मोडते तेही कळते.

पाळ्यांची घडी म्हणजे काय, ते मी थोडेसे अनुभवले आहे. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत एका ३८ फुटी नौकेवर मुंबई ते गोवा अशा प्रवासात चौथा माणूस म्हणून मला जागा मिळाली. कप्तान व्यापारी जहाजांवरून निवृत्त झालेले. बाकीच्यांत एक कऱ्हाडचा तरुण इंजिनिअर होता. किनाऱ्यालगत मासेमारीची जाळी आणि बिनदिव्याच्या होड्या असतात, म्हणून आम्ही तीसेक मैल आत गेलो. अंतर सुमारे २३० सागरी मैल, दोन रात्री. दुपारी वायव्येचा वारा उठायचा आणि लाटा उजव्या पिछाडीवरून यायच्या. अशा वेळी नौका नुसती वरखाली होत नाही. मागची बाजू उचलली जाते, एका कुशीला झुकते, मग वळत खाली बसते. पिळे पाडल्यासारखी ही गती माझ्या मते सर्वांत त्रासदायक.

दोघादोघांच्या चार-चार तासांच्या पाळ्या ठरल्या होत्या. पहिल्या संध्याकाळी इंजिनिअर, जो दुपारपर्यंत अखंड बोलत होता, गप्प झाला. कप्तानांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “बोलका माणूस गप्प झाला की समजायचं, अर्धा तास राहिला.” वीस मिनिटांतच तो कठड्याकडे धावला. कप्तानांनी सर्वांत आधी काय केले, तर त्याच्या छातीच्या पट्ट्याची दोरी कडीत अडकवली. उलटी करायला वाकलेला माणूस पाण्यात पडणे हा या आजारातला खरा जीवघेणा धोका आहे. रात्री, लाटांत, धावत्या नौकेवरून पडलेले डोके शंभर मीटरवरही दिसत नाही. त्यानंतर त्यांनी त्याला वाऱ्याच्या आडबाजूला बसवले, म्हणजे ओकारी अंगावर येत नाही, आणि हातात बादली दिली.

मलाही मळमळत होते. पण मला वेळ नव्हता. चौघांतला एक आडवा झाला की तिघांवर चौघांचे काम येते, आणि चार तासांची झोप अडीच तासांची होते. इथेच छोट्या दलाचे सगळे गणित आहे. पन्नास खलाशांच्या जहाजावर पाच जण आजारी पडले तर कुणाच्या ध्यानात येणार नाही. दोघांच्या नौकेवर एक आडवा झाला की दुसरा एकट्याने जगप्रवास करणारा खलाशी झालेला असतो, तोही पूर्वतयारीशिवाय.

एकट्याला किती वेळ डोळा मिटता येतो? नौकेवर उभ्या माणसाचे डोळे पाण्यापासून दोनेक मीटरवर असतात. त्यामुळे त्याचे क्षितिज फक्त तीन सागरी मैलांवर असते. मालवाहू जहाजाचे दिवे उंच असतात म्हणून ते आधी, हवेनुसार सहा ते बारा मैलांवरून दिसू लागतात. ते जहाज ताशी वीस मैलांनी येत असेल आणि आपण सहाने त्याच्याकडे जात असू, तर दोघांतले अंतर मिटायला चौदा ते अठ्ठावीस मिनिटे लागतात. म्हणून जहाजांच्या वाटेवर एकटे खलाशी पंधरा-वीस मिनिटांच्या डुलक्या घेतात आणि दर वेळी उठून चहूकडे पाहतात. आता जहाजांची जागा दाखवणारी एआयएस यंत्रणा आणि तिचा भोंगा मदतीला असतो, सुकाणू धरायला स्वयंचलित यंत्र असते. पण मासेमारीच्या अनेक होड्या त्या यंत्रणेवर दिसत नाहीत. ओकून ओकून शरीरातले पाणी गेलेला, दोन रात्री न झोपलेला माणूस दर वीस मिनिटांनी उठेल अशी आशा कशी धरणार? बोट लागणे हा अशा वेळी पोटाचा आजार राहत नाही. तो पहाऱ्याचा प्रश्न होतो.

औषधांकडेही याच नजरेने पाहावे लागते. एसटी स्टँडजवळच्या औषधाच्या दुकानात मिळणारी अव्होमिन म्हणजे प्रोमेथाझिनचा एक प्रकार. ती काम करते आणि झोपही आणते. घाटात प्रवासी झोपला तर उत्तमच, पण पहारेकरी झोपला तर? सिनारिझिन त्या मानाने कमी गुंगी आणते आणि खलाशी ती पसंत करतात. कोणतीही गोळी आधी घ्यावी लागते. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. आणि समुद्रावर पहिल्यांदाच घेऊन पाहण्यापेक्षा जमिनीवर, डॉक्टरांना विचारून, आपल्याला तिने किती झोप येते ते आजमावावे. कानामागे चिकटवायच्या स्कोपोलामिनच्या पट्ट्या परदेशात वापरतात. त्यांनी तोंड कोरडे पडते, नजर धूसर होते, आणि काचबिंदू असणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

आल्याबद्दल सातारकरांना बरे वाटेल असे सांगता येते. कोरेगावकडचे सातारी आले बाजारात नावाजलेले आहे, आणि आजीच्या आलेपाकाला परदेशात प्रयोगाचा आधारही मिळाला. डेन्मार्कमध्ये नौदलाच्या ८० प्रशिक्षणार्थींना खवळलेल्या समुद्रात निम्म्यांना सुंठेची पूड आणि निम्म्यांना नुसती दिसायला तशी पूड दिली. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात आल्याने उलट्या आणि गार घाम कमी झाला, मळमळ मात्र फारशी हटली नाही. इतर प्रयोगांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. तरी आल्याने गुंगी येत नाही, म्हणून छोट्या नौकेवर मी ते पहिल्या दिवसापासून जवळ ठेवीन. सांगलीकर म्हणून हळदीची शिफारस करायला मला आवडले असते, पण तसा पुरावा काही सापडत नाही.

गोळीपेक्षा प्रभावी असा एक उपाय आहे, आणि तो फुकट आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी कप्तानांनी इंजिनिअरला बळेच उठवून सुकाणूवर बसवले. “पुढं बघ. क्षितिज सोडू नको.” तासाभरात त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. याचे कारण घाटात रोज दिसते. एसटीत प्रवासी ओकतात, चालक कधी ओकत नाही. पुढचे वळण कधी येणार हे त्याला आधी ठाऊक असते, किंबहुना ते तोच घेत असतो; त्यामुळे मेंदूचा अंदाज आणि कानाची खबर जुळते. सुकाणूवरच्या माणसाला लाट येताना दिसते आणि तो तिच्यासाठी तयार असतो. आत खोलीत नकाशा वाचणारा किंवा भांडे विसळणारा बिचारा मात्र अंधारात मार खातो. म्हणून जाणते कप्तान पहिल्या दोन दिवसांचे जेवण निघण्याआधीच शिजवून ठेवतात, खाली जायचे काम कमीत कमी ठेवतात. गेलेच तर नौकेच्या मध्यभागी, जिथे हेलकावा सर्वांत कमी, तिथे डोळे मिटून आडवे व्हायचे. घोट-घोट मीठ-साखरेचे पाणी आणि कोरडे बिस्किट चालू ठेवायचे. उपाशी पोटी कमी लागते हा समज खोटा आहे.

दोन-तीन दिवसांत मेंदू नवा हिशेब शिकतो आणि बहुतेकांचे ओकणे थांबते. अंतराळवीरांचेही असेच होते. गोव्याला उतरल्यावर जेटीवरची फरशी आमच्या पायाखाली डोलत होती, ती याच शिकण्याची दुसरी बाजू. इंजिनिअरला तर लॉजच्या न्हाणीघरात भिंत धरून अंघोळ करावी लागली.

देशावरच्या माणसाचे आणि समुद्राचे वाकडे, ही समजूत कुठून आली याचा मी माग काढत होतो. साताऱ्याचा पहिला इंग्रज रेसिडेंट ग्रँट डफ याने १८२६च्या आपल्या इतिहासात शिवाजी महाराजांच्या फेब्रुवारी १६६५च्या बसरूर स्वारीबद्दल लिहिताना म्हटले आहे, की महाराजांनी स्वतः केलेला हा पहिला आणि शेवटचा सागरी प्रवास. जोराच्या वायव्य वाऱ्याने परतीला फार उशीर झाला. पुढे तो भवानीची नापसंती वगैरे सांगतो. ज्याने फेब्रुवारीत हा किनारा पाहिला आहे त्याला यात देवीचा कोप शोधावा लागत नाही. तेव्हा वारा वायव्येचाच असतो. दक्षिणेला जाताना तो पाठीशी असतो, उत्तरेला परतताना तोंडावर. आम्ही गोव्याला दोन दिवसांत पोचलो, ती नौका परत मुंबईला न्यायला कप्तानांना जवळजवळ दुप्पट वेळ लागला. पुढच्या काळातले उदाहरण साताऱ्याचेच आहे. सिंधुबंदी पाळली जात होती अशा काळात छत्रपती प्रतापसिंहांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते समुद्र ओलांडून लंडनला गेले आणि एका तपाहून अधिक काळ तिथे झगडत राहिले. जाताना त्यांना बोट लागली होती का, हे कुणी नोंदवलेले मला आढळले नाही.

अलीकडे सैनिकी शाळेत किंवा मर्चंट नेव्हीच्या तयारीला असलेल्या मुलांचे पालक मला विचारतात, याला घाटात गाडी लागते, तर नाव काढून घ्यावे का? मी सांगतो की शाळकरी वयात गाडी लागण्याचे प्रमाण सर्वांत जास्त असते आणि पुढे ते पुष्कळांचे ओसरते. थोडी माणसे अशीही असतात की ज्यांना कितीही दिवस गेले तरी समुद्र सोसत नाही. आपला मुलगा त्यांतला आहे का, हे घाटावरून कळत नाही. पावसाळा संपला की रत्नागिरी किंवा मालवणला ओळखीच्या ट्रॉलरवर त्याला तीन दिवस पाठवावे, जीवरक्षक जाकीट घालून, तांडेलाला आधी सांगून. पहिल्या दिवसावरून काही ठरवू नये. तिसऱ्या दिवशी तो जेवतो का, ते पाहावे.